शिकायला गावाबाहेर खोली घेताना: करार आणि स्वाधार

खोली प्रवेशाची गर्दी होण्याआधी बघा. कॉलेजच्या दारातली सोडून जुन्या वस्तीत किराणा दुकानदाराला विचारलं, तर भाडं सहसा कमी पडतं.

चावी घेताना सबमीटरच्या, म्हणजे खोलीच्या वेगळ्या वीजमीटरच्या, रीडिंगचा फोटो काढा आणि युनिटचा दर मालकाच्या महावितरण बिलाशी ताडून बघा. खरी भांडणं इथेच होतात.

करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नुसत्या नोटरीवर भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. हे ठामपणे सांगा, कारण याच कराराची प्रत पुढे स्वाधार या सरकारी मदत योजनेच्या अर्जाला लागते.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. म्हणून वसतिगृहाचा अर्ज आधी भराच. मोठी शहरं सोडून इतर जिल्ह्याच्या ठिकाणी भोजन, निवास, निर्वाह मिळून वर्षाला ४३,००० रुपये मिळतात, त्यातले निवासाचे १२,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. एरवीही रक्कम हप्त्यांनी, उशिरा येते. पहिल्या काही महिन्यांचं भाडं तिच्या भरवशावर ठेवू नका.