सत्राच्या शेवटी सबमिशन आणि परीक्षा एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा

ऑक्टोबरचा शेवट असो वा मार्च-एप्रिल, सत्र संपत आले की पदवीच्या विद्यार्थ्यापुढे दोन कामे एकदमच उभी राहतात. अंतर्गत गुणांसाठी चार-पाच विषयांचे निबंध आणि प्रकल्प द्यायचे असतात आणि त्यांच्या पाठोपाठ सत्रान्त परीक्षेचे वेळापत्रक लागते. बहुतेक जण आधी कुणाची तरी वही मिळवून सबमिशन उरकतात आणि अभ्यासाला नंतर बसतात. ही वाट जवळची वाटली तरी प्रत्यक्षात लांबची आहे, कारण तिच्यात एकाच विषयावर दोनदा वेळ जातो आणि पहिल्या वेळी हाती काहीच लागत नाही. मन लावून लिहिलेला एक निबंध म्हणजे परीक्षेतल्या किमान एका दीर्घोत्तरी प्रश्नाची पक्की तयारी असते, आणि या मार्गदर्शनाचा सगळा भर त्याच गोष्टीवर आहे.

सुरुवात एका कोऱ्या कागदाने करावी. प्रत्येक विषयापुढे काय द्यायचे आहे, कधी, कुणाकडे आणि किती गुणांसाठी, हे लिहून काढावे आणि त्याखाली परीक्षेची तारीख टाकावी. यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्तीर्ण होण्याचा नियम. 100 गुणांच्या विषयात 30 गुण अंतर्गत आणि 70 सत्रान्त परीक्षेला असतील, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे 40 टक्क्यांची अट असेल, तर अंतर्गतमध्ये 12 आणि परीक्षेत 28 गुण मिळवावेच लागतात. लेखी परीक्षेत 50 गुण पडले तरी अंतर्गतमधली उणीव भरून निघत नाही. प्रत्येक विद्यापीठाचा आणि प्रत्येक आकृतिबंधाचा (म्हणजे अभ्यासक्रम-परीक्षेच्या ‘पॅटर्न’चा) नियम वेगळा असतो, म्हणून वर्गातल्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा आपल्या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. त्यात घटकांपुढे तासिकाही दिलेल्या असतात. एका क्रेडिटला साधारण 15 तासिका या हिशेबाने चार क्रेडिटचा विषय 60 तासिकांचा होतो, आणि ज्या घटकाला 20 तासिका दिल्या आहेत तो 8 तासिकांच्या घटकापेक्षा प्रश्नपत्रिकेत जास्त जागा घेईल, हे उघड आहे. निबंधाचा विषय निवडण्याची मोकळीक असेल तर तो याच मोठ्या घटकातून निवडावा.

विषय निवडल्यावर तो लहान करावा लागतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. समजा, इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘संयुक्त महाराष्ट्राची चळवळ’ हा विषय मिळाला आहे. एवढ्या मोठ्या शीर्षकाखाली लिहायला बसले की पार्श्वभूमी, कारणे, स्वरूप, परिणाम अशा ठरीव मथळ्यांखाली गाईडमधला मजकूर उतरवण्यापलीकडे काही होत नाही. त्याऐवजी शीर्षकाचा प्रश्न करावा: द्विभाषिक मुंबई राज्य मोडण्यात 1957 च्या निवडणुकीचा वाटा किती होता? आता काय वाचायचे आणि काय सोडायचे हे आपोआप ठरते. राज्य पुनर्रचना आयोगाचा 1955 चा अहवाल, 1 नोव्हेंबर 1956 रोजी अस्तित्वात आलेले विशाल द्विभाषिक राज्य, संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला दिलेला धक्का आणि शेवटी 1 मे 1960 ही साखळी हवी. तिच्याइतकीच उलट बाजूही हवी, कारण समितीला एवढे यश मिळूनही राज्यात सरकार काँग्रेसचेच राहिले होते. मग निर्णय बदलला तो निवडणुकीमुळे, की स्वतंत्र गुजरातसाठीच्या महागुजरात चळवळीसह दोन्हीकडून आलेल्या दबावामुळे? ज्या निबंधात अशी एक तरी अडचण विचारपूर्वक सोडवलेली असते, तो तपासणाऱ्याला वेगळा दिसतो. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी साहित्य, कुठल्याही विषयात रीत हीच आहे. नावाचा प्रश्न करा आणि एका वाक्यात त्याचे तात्पुरते उत्तर लिहून मगच ग्रंथालयात जा.

संदर्भ शोधताना आधी क्रमिक पुस्तक, मग मराठी विश्वकोशातली नोंद आणि त्यानंतर त्या विषयावरचे एखादे स्वतंत्र पुस्तक, हा क्रम सोयीचा पडतो. विश्वकोश आता ऑनलाइन वाचता येतो आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठीतले प्रबंधही सापडतात. दहा पानांच्या निबंधाला तीन-चार चांगले संदर्भ पुरतात, पण ते खरोखर वाचलेले असले पाहिजेत. टिपण काढताना पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहावा. तो नंतर शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे आणि आपल्या शब्दांत लिहावे. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे घ्यायचे असेल तर ते अवतरणचिन्हांत घालून संदर्भ द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्यासंबंधी 2018 मध्ये नियम केल्यापासून अनेक महाविद्यालयांत प्रकल्प संगणकीय तपासणीतून जातात, पण त्या भीतीपेक्षाही मोठे कारण असे की, उतरवलेला मजकूर परीक्षेच्या दिवशी आठवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून अख्खा निबंध लिहून घेण्याबद्दलही माझे मत हेच आहे, आणि त्यात आणखी धोका असा की, ही साधने कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे संदर्भ म्हणून देतात आणि तोंडी परीक्षेत त्याच पुस्तकाबद्दल विचारणा होते.

निबंध दिला त्याच दिवशी त्याचे एक पान करून ठेवावे. मूळ प्रश्न, त्याचे दोन वाक्यांतले उत्तर, पाच-सहा मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक तारीख किंवा उदाहरण, आणि विरोधी बाजूचा एक मुद्दा, एवढेच त्यावर असावे. सगळ्या विषयांची अशी पाने एका फाइलीत लागली की सबमिशन संपता संपता परीक्षेचा बराच अभ्यास झालेला असतो.

उरलेल्या भागासाठी मागील चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवाव्यात. त्या ग्रंथालयात किंवा जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. मात्र आकृतिबंध बदलला असेल तर घटक जुळतात का, ते आधी पाहावे. या प्रश्नपत्रिका सोडवण्यासाठी आहेत, फक्त चाळण्यासाठी नाहीत. रोडिजर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होते. पण आठवडाभराने ज्यांनी पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिले होते, ते पुढे गेले होते. अभ्यासिकेत रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करत बसल्यावर येणारा विश्वास त्या पहिल्या पाच मिनिटांतला असतो. म्हणून घटक एकदा समजून वाचला की वही बंद करून प्रश्नाचे उत्तर लिहावे, काय सुटले ते पाहावे, आणि दोन-तीन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा घ्यावा.

हे लिखाण हातानेच आणि घड्याळ लावून करावे. वर्षभर मोबाइलवर टंकलेखन करणाऱ्या बोटांना सलग दोन तास पेन धरण्याची सवय राहिलेली नसते, आणि शेवटचा प्रश्न अर्धवट राहण्याचे ते फार मोठे कारण आहे. 60 गुणांच्या प्रश्नपत्रिकेला दोन तास असतील तर वाचण्या-तपासण्यासाठी दहा मिनिटे बाजूला ठेवून 110 मिनिटे उरतात. म्हणजे 15 गुणांच्या प्रश्नाला सुमारे 27 मिनिटे मिळतात. तुमचे एक पान किती मिनिटांत भरते ते मोजा. सात मिनिटांत भरत असेल तर त्या उत्तराला पावणेचार पाने ही तुमची मर्यादा आहे आणि मुद्द्यांची आखणी त्याच मापाने व्हायला हवी.

परीक्षेच्या खोलीत प्रश्नपत्रिका हाती आली की सूचना आधी वाचाव्यात, कारण ‘कोणतेही दोन’ आणि ‘सर्व प्रश्न अनिवार्य’ यांतली गफलत दरवर्षी कुणाचे ना कुणाचे गुण घालवते. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक अंकी आणि अक्षरी नीट भरावा आणि पुरवण्यांची संख्या शेवटी आठवणीने नोंदवावी. चांगला येणारा प्रश्न आधी घ्यायला हरकत नाही, पण त्यावर रेंगाळून ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त मिनिटे देऊ नयेत. ‘टिपा लिहा’ या प्रश्नात चार टिपांना सारखीच जागा द्यावी. एक टीप दोन पाने आणि बाकीच्या चार ओळी, अशा उत्तराला तपासणाऱ्याची इच्छा असूनही फारसे गुण देता येत नाहीत.

कधी कधी आजारपणामुळे, घरच्या अडचणीमुळे किंवा नोकरी सांभाळून शिकण्यामुळे सगळेच मागे पडलेले असते. अशा वेळी अंतिम तारीख उलटण्याआधी संबंधित शिक्षकांना भेटावे, कारण मोजक्या शब्दांत सांगावे, असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे आणि कोणत्या दिवशी काम देणार ते स्वतःहून सांगावे. तारीख उलटल्यावर पाठवलेल्या लांबलचक माफीपेक्षा आधीची दोन मिनिटांची भेट जास्त उपयोगी पडते. अभ्यासाचेही तसेच आहे: पाच घटकांपैकी तीनच होण्यासारखे असतील तर ते तीन पूर्ण करावेत आणि उरलेल्या दोहोंच्या फक्त व्याख्या व टिपा पाहाव्यात. झोप तोडून सगळे घटक वरवर चाळणे मला सर्वांत महागात पडणारा मार्ग वाटतो, कारण जागरणाने आधी वाचलेलेही डळमळते. एखादा विषय राहिलाच तर एटीकेटीची, म्हणजे तो मागे ठेवून पुढे शिकण्याची, सोय आहे, आणि किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येते ते आपल्या विद्यापीठाच्या नियमांत आधीच पाहून ठेवले की भीती बरीच आटोक्यात येते. घाबरणे वाढून झोप आणि जेवणच बंद झाले असेल, किंवा जगणे नको वाटत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून घरच्यांशी किंवा विश्वासातल्या शिक्षकांशी त्याच दिवशी बोलावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तो दिवसरात्र चालू असतो.

परीक्षा संपली तरी प्रवेशपत्र, निबंध दिल्याची पोच आणि निबंधाची प्रत निकाल लागेपर्यंत जपून ठेवावी. गुणपत्रिकेत अंतर्गत गुणांच्या जागी ‘गैरहजर’ असे आले, तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात त्या पोचेवरच दुरुस्ती मागता येते. लेखी परीक्षेचे गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का आणि बेरीज बरोबर आहे का ते पाहावे, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरावे. या दोन्ही अर्जांची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, त्यामुळे निकालाच्या दिवशीच परिपत्रक शोधून शेवटची तारीख लिहून ठेवावी.