पुढचा-मागचा डॅशकॅम घरीच बसवताय? आधी वायर, टेप सगळ्यात शेवटी

मी पहिल्यांदा उलटं केलं. फोंड्यात, जुलै महिन्यात, बॉक्स उघडला आणि हौसेने आधी कॅमेरा काचेला चिकटवला, तिसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरवर तो सुटून डॅशबोर्डवर आपटला. पावसाळ्यात आपल्याकडे काच हाताला कोरडी लागते पण दमट असते. म्हणून उघडीप बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा, टेप मिनीटभर दाबून धरा आणि पहिला दिवस गाडी हलवू नका. पण हे सगळं शेवटी.

आधी फ्यूज बॉक्स. हार्डवायर किटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला थेट फ्यूज बॉक्समधून वीज देणाऱ्या जोडणीत, बहुतेक तीन वायरी असतात, पिवळी कायम करंटची, लाल चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजची, काळी अर्थिंगची, ती बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला आवळा. कुठला फ्यूज कसला ते टेस्ट लॅम्पने किंवा मल्टीमीटरने बघायचं, अंदाजाने नाही. एअरबॅग, एबीएस, इंजिनच्या फ्यूजला हात लावू नका, लाल वायरीला चार्जर सॉकेटचा आणि पिवळीला आतल्या दिव्याचा बरा. फ्यूजच्या जागी बसून वायर जोडू देणाऱ्या फ्यूज टॅपमध्ये गाडीचा जुना फ्यूज एका खाच्यात आणि कॅमेऱ्याचा दुसऱ्यात, दोन्ही लागतात. किटवर व्होल्टेजचा स्विच असेल तर 12.2 व्होल्टवर ठेवा, मडगाव स्टेशनला गाडी लावून चार दिवस मुंबईला गेलात तर पार्किंग मोड (उभ्या गाडीतलं रेकॉर्डिंग) बॅटरी पिऊन टाकायच्या आधी बंद होतो.

वायर छताच्या कडेने आत खुपसत न्या, प्लास्टिकची पट्टी पुरते, स्क्रूड्रायव्हर नको, कापड फाटतं. पुढच्या खांबात एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून, वरून नेली तर बॅग फुटताना आड येते. इथे जमत नसेल तर सरळ इलेक्ट्रिशियनला द्या, त्यात कमीपणा नाही.

खरी कटकट मागची. डिकीच्या दाराला वायरी जाणारी रबरी नळी असते, तिची दोन्ही टोकं सोडवा, आतून ताठ तार घाला, कॅमेऱ्याची पिन तारेला टेपने गुंडाळून बांधा, साबणाचं पाणी लावा आणि हळूहळू ओढा. माझा अर्धा तास यातच गेला, घामाने शर्ट भिजला. रबर परत नीट बसवा नाहीतर पहिल्याच पावसात डिकीत तळं. आणि डिकी पूर्ण उघडून वायर ताणली जात नाही ना ते बघा, मगच ट्रिम (आतली प्लास्टिकची कव्हरं) लावा.

आता चिकटवा. पुढचा आरशाच्या मागे, वायपर पुसतो त्या भागात, मागचा डिफॉगरच्या रेघा सोडून. कार्ड हाय एन्ड्युरन्सचंच घ्या, रोज पुसून परत लिहिलं जातं, साधं लवकर मरतं. उन्हात उभी गाडी इथे भट्टी होते म्हणून बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटरवाला कॅमेरा बरा. तारीख-वेळ लावा आणि दुसऱ्या दिवशी रात्री चोर्ला घाटाकडे एक चक्कर मारून दोन्ही फुटेज घरी बघा, समोरच्या गाडीचा नंबर वाचता येत नसेल तर लेन्सवरची फिल्म काढायची राहिलीय का ते आधी बघा.