बोकड विकताना वजन आणि भाव यांचा हिशेब

गोव्याच्या दमट, पावसाळी हवेत मेंढ्यांपेक्षा शेळ्या अधिक तग धरतात. त्यामुळे पेडणे, डिचोली किंवा सत्तरीतील शेतकऱ्यापुढे प्रश्न येतो तो बहुधा बोकड विकण्याचा. व्यापारी गोठ्यात येऊन पाठीवरून हात फिरवतो आणि उक्ता भाव सांगतो. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही, मात्र तो सांगतो त्याच्या सोयीचा आकडा, म्हणून सौद्यापूर्वी आपले वजन आपणच करावे.

काटा नसल्यास पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व 660 ने भागावे, म्हणजे अंदाजे किलो मिळतात. घेर 26 आणि लांबी 24 इंच असेल, तर वजन सुमारे साडेचोवीस किलो भरते. माप सकाळी, चारा देण्यापूर्वी घ्यावे, कारण भरल्या पोटाचे वजन फसवे असते.

जिवंत वजनाच्या साधारण 45 ते 50 टक्के मटण निघते. म्हणजे 25 किलोच्या बोकडाचे सुमारे 12 किलो. त्यास गावातील मटणाच्या दराने गुणून, मुंडी, पाय व कातडे यांची किंमत मिळवून, खाटकाची मजुरी, वाहतूक आणि नफा वजा केल्यास आपला किमान भाव ठरतो.

बकरी ईदसाठी वर्ष पूर्ण झालेला, निर्दोष बोकड लागतो आणि तेथे रूपालाही किंमत मिळते. ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येत असल्याने पैदाशीचे वेळापत्रक त्यानुसार सरकवावे लागते.