छोट्या कीबोर्डवर मराठी टाइप करताय? या चुका टाळा

कॉर्न, प्लँक असले चाळीस-पन्नास कीजचे मेकॅनिकल कीबोर्ड लोक हौसेने घेतात, आठवडाभर वैतागतात आणि ‘यावर मराठी जमत नाही’ म्हणून विकायला काढतात. जमतं. मी रोज कॉर्नवर इनस्क्रिप्टमध्येच, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण लेआउटमध्येच लिहितो. पण त्याच त्या चुका पाहून आता कंटाळा आलाय.

दुसऱ्याचा लेआउट जसाच्या तसा चढवणे. विशेषतः होम रो मॉड्स, म्हणजे बोटं टेकतात त्या मधल्या ओळीतच बसवलेल्या कंट्रोल-शिफ्टसारख्या मॉडिफायर कीज. यात ए, एस, डी, एफ पटकन दाबून सोडल्या तर अक्षर उमटतं, दाबून धरल्या तर त्याच विंडोज, ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट होतात. इंग्रजीत हे खपून जातं. इनस्क्रिप्टमध्ये डी म्हणजे हलन्त, आणि जोडाक्षराशिवाय मराठीचं पान काय, ओळही पुरी होत नाही.

भाषांतराची कामं करणारा एक मित्र कीबोर्ड घेऊन आला होता. मजकुरात मध्येच परिच्छेद दोनदा उमटायचे, ओळी आपोआप जस्टिफाय व्हायच्या. स्विच बदलून झाले होते, केबलही बदलली होती. मी त्याला ‘प्रश्न’ लिहायला लावलं. प उमटला. पुढे हलन्त सुटायच्या आत र पडला, झालं कंट्रोल-जे, म्हणजे ओळ जस्टिफाय. श उमटला, मग हलन्त आणि न, म्हणजे कंट्रोल-व्ही: आधी कॉपी केलेला अख्खा परिच्छेद शब्दाच्या पोटात. ‘दिला’चं ‘दळा’ होत होतं, कारण एफवरची वेलांटी शिफ्ट बनली आणि शिफ्टसकट ल दाबला की ळ येतो. ‘दुसरी की पडताक्षणी होल्ड समज’ हा पर्याय त्या उसन्या लेआउटमध्ये चालूच होता.

क्यूएमके या कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) टॅप-होल्डची मुदत मुळात २०० मिलिसेकंद असते. ती वाढवून बघा, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. मग शॉर्टकटसाठी ताटकळावं लागतं. ‘की विरुद्ध हाताची असेल तरच होल्ड’ ही युक्तीही इथे फारशी कामाची नाही. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा आणि हलन्त डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे हात सतत आलटूनपालटूनच पडतात. मी मराठीसाठी वेगळा बेस लेयर ठेवतो (लेयर म्हणजे त्याच कीजवर बसवलेला अक्षरांचा वेगळा संच). त्यात होम रोवर एकही मॉडिफायर नाही. कंट्रोल आणि शिफ्ट अंगठ्यांखाली. भाषा आणि लेयर एकाच कीने बदलतात, म्हणजे विसरायचा प्रश्न येत नाही.

ड कुठे गेला? ४२ कीजमध्ये चौकोनी कंस, बरोबरचं चिन्ह आणि बॅकस्लॅश बसत नाहीत. त्यांच्याबरोबर, इनस्क्रिप्टमध्ये त्याच कीजवर असलेले ड, ढ, ञ, ऋकाराची खूण, ॉ आणि ऑ लेयरवर जातात. प्रोग्रॅमर मंडळी कंस कुठेतरी कोपऱ्यात टाकतात, त्यांचं चालतं. आपल्याला ‘कडे’, ‘आवडतं’, ‘डॉक्टर’ लिहायचं असतं. मी अंगठ्याची की धरली की येणाऱ्या लेयरवर ड ठेवलाय तो पीच्या, म्हणजे ज च्याच जागी. करंगळीला नवीन काही शिकावं लागत नाही.

फर्मवेअरमध्ये कोलमॅक (क्वर्टीऐवजी वापरायचा इंग्रजी लेआउट), वर इनस्क्रिप्ट. विंडोज क्वर्टीच्या हिशोबाने अक्षरं काढतो, त्यामुळे सगळी मराठी विस्कटते. कोलमॅक हवंच तर विंडोजमध्ये लावा. आणि नवा कीबोर्ड व नवा लेआउट एकाच महिन्यात शिकू नका.

व आणि म. दोन तुकड्यांच्या कीबोर्डवर बी, म्हणजे व, डावीकडे असते. उजव्या तर्जनीने व मारायची सवय असेल तर बोट रिकाम्या टेबलावर आपटतं. म, म्हणजे सी, डाव्या हाताच्या मधल्या बोटाने.

पहिल्या दिवसापासून वेग मोजणे. याचा मला खरंच राग येतो. इंग्रजी टायपिंगच्या साइटवर आकडे वाढतात, पण ड आणि ॉ शोधायची वेळच तिथे येत नाही. त्यापेक्षा रोज एक अग्रलेख पाहून सावकाश उतरवा. कीकॅपकडे बघू नका. लेयरचा नकाशा कागदावर काढून मॉनिटरखाली चिकटवा.

चालू कीबोर्डची मधली केबल काढणे. दोन तुकडे टीआरआरएस केबलने (हेडफोनसारख्या पिनच्या केबलने) जोडलेले असतील तर आधी यूएसबी काढा, मग ती. नाहीतर शॉर्ट होऊन कंट्रोलर जाऊ शकतो.