ओपन डेटा स्पर्धा घेताय? या चुका टाळा

खुला डेटा द्यायचा, बक्षीस लावायचं आणि एखाद्या सामाजिक प्रश्नावर जगभरातून उत्तरं मागवायची. कल्पना झकास आहे. गाडी अडते ती बहुतेक वेळा गुण कशाला द्यायचे हे ठरवताना.

सामाजिक प्रश्नांवर डेटा स्पर्धा घेणाऱ्या ड्रिव्हनडेटा या संस्थेची ‘पंप इट अप’ स्पर्धा घ्या. टांझानियातले पाण्याचे पंप चालू आहेत, बंद आहेत की चालू असूनही दुरुस्तीला आलेत, हे ओळखायचं होतं. मॉडेलच्या, म्हणजे नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रशिक्षणासाठी ५९,४०० नोंदी, त्यात दुरुस्तीला आलेले जेमतेम ७ टक्के. गुण मात्र एकूण किती उत्तरं बरोबर आली यावर. म्हणजे हा छोटा गट मॉडेलने साफ सोडून दिला, तरी गुणांना फारसा धक्का लागत नाही. मेकॅनिक पाठवणाऱ्याला तर नेमकी तीच यादी लागते! अशा ठिकाणी प्रत्येक गटाचे गुण वेगळे काढा. त्याहून बरं म्हणजे, महिन्याला शंभरच पंप तपासता येत असतील, तर मॉडेलने सुचवलेल्या पहिल्या शंभरांत खरोखर दुरुस्तीला आलेले किती निघाले, तेवढंच मोजा.

याच डेटात हजारो पंपांच्या बांधकामाचं वर्ष शून्य आहे. काहींचे अक्षांश-रेखांशही शून्यावर, त्यामुळे नकाशावर ते थेट अटलांटिक महासागरात दिसतात. शून्य म्हणजे ‘माहीत नाही’, हे स्पर्धकाने ओळखायचं कसं? प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून द्या, आणि तो लिहिण्याआधी ज्यांनी नोंदी भरल्या त्यांच्याशी बोला.

लीडरबोर्डवर, म्हणजे गुणांच्या क्रमवारीत, कुणी अचानक खूप पुढे गेलं, तर आधी उत्तरं फुटली नाहीत ना ते बघा. खुल्या डेटात हा धोका जास्तच. बेवारस प्राणी किती लवकर दत्तक जातील, यावर कॅगल या डेटा स्पर्धांच्या साइटवर २०१९ मध्ये झालेल्या पेटफाइंडर स्पर्धेतल्या विजेत्या संघाने खरी उत्तरं बाहेरून मिळवून कोडमध्ये दडवली होती. २०२० मध्ये हे उघड झालं आणि संघ बाद झाला. बक्षीस देण्याआधी विजेत्याचं कोड स्वतः चालवा, तेही स्पर्धेनंतर जमा झालेल्या ताज्या नोंदींवर.

नावं काढली की ओळख पुसली, या भ्रमात राहू नका. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धेसाठी दिलेल्या निनावी डेटातले काही प्रेक्षक संशोधकांनी दुसऱ्या साइटवरच्या उघड रेटिंगशी ताडून ओळखले. पुढची स्पर्धा २०१० मध्ये रद्द झाली. रुग्ण किंवा लाभार्थ्यांच्या बाबतीत असं झालं तर निस्तरणं अवघड. गाव, वय आणि तारीख एकत्र देणं शक्यतो टाळाच.

आणि बक्षिसाची सगळी रक्कम निकालाच्या दिवशी वाटू नका. डझनभर मॉडेलं जोडून गुण अर्धा टक्का वाढवलेलं उत्तर, ते वापरणाऱ्या संस्थेच्या साध्या कॉम्प्युटरवर कोण चालवणार? थोडे पैसे राखून ठेवा आणि ते संस्थेतल्या माणसाला मॉडेल स्वतःच्या हाताने चालवता आल्यावरच द्या.