फूल पुस्तकात ठेवू नका

माझा धंदा बाइंडिंगचा. दुकान पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकापासून पाच मिनिटांवर. दुरुस्तीला आलेल्या जुन्या पुस्तकांतून काय काय निघतं ते मला विचारा: पिंपळपान, मोरपीस, बसचं तिकीट आणि सुकलेली फुलं. फूल निघालं की दोन्ही बाजूंच्या पानांवर तपकिरी डाग ठरलेला. ओलाव्याबरोबर फुलातला रंग कागदात उतरतो, तो पुन्हा निघत नाही. देठ जाड असेल तर शिलाई तिथेच ताणली जाते. शिवाय सुकलेल्या फुलाला कीड लागली की ती फुलापाशी थांबत नाही. तेव्हा फुलं जरूर सुकवा, पण पुस्तकात नको.

छंद मात्र चांगला आहे, मलाही आहे. आणि त्याला लागतं ते सगळं घरात असतं.

गोळा करायला सकाळी दहाच्या सुमारास जा. दंव उडून गेलेलं असतं आणि ऊन अजून चढलेलं नसतं. भिजलेलं फूल आणूच नका, ते काळं पडणार. बरोबर एक जुना जाड अंक आणि दोन पुठ्ठे ठेवा; फूल तोडलं की तिथेच अंकात सपाट घालायचं. पिशवीतून कोंबून घरी आणलेलं फूल मग कितीही दाबलं तरी त्याच्या घड्या जात नाहीत. एम्प्रेस गार्डनसारख्या बागांत फुलं तोडू नयेत हे सांगायला लागू नये. टेकडीवरही खाली पडलेलं उचला. ताम्हण, बहावा, गुलमोहर यांचा उन्हाळ्यात खाली सडाच असतो.

एका फुलाला मात्र माझी पूर्ण परवानगी: कॉसमॉस. पावसाळा सरता सरता पुण्याच्या रस्त्यांच्या कडेला आणि टेकड्यांच्या उतारांवर जे नारिंगी-पिवळं पसरतं, ते. मूळचं मेक्सिकोचं हे झाड इथल्या गवताची आणि रानफुलांची जागा खातंय. बी धरायच्या आत हवं तेवढं तोडा. शिवाय शिकायला याच्याइतकं सोपं फूल नाही: पाकळ्या पातळ, एका थरात, आणि रंग टिकणारा.

रंगाचं थोडं सांगतो, कारण निराशा इथेच होते. पिवळा आणि नारिंगी चांगला टिकतो. गोकर्णाचा निळा बऱ्यापैकी राहतो. गुलमोहराचा लाल गडद होत जातो, ताम्हणाचा जांभळा फिका पडतो. पांढऱ्याची आशा सोडा. मोगरा, अनंत, बुचाची फुलं तपकिरीच होणार. प्राजक्ताचंही तेच, फक्त त्याचा केशरी देठ तग धरतो. जास्वंद चिकट असते, ती कागदाला धरून बसते. तिच्या पाकळ्या सुट्या करून सुकवा. झेंडू, शेवंती अख्खी दाबू नका. उभी अर्धी कापा किंवा पाकळ्या वेगळ्या करा.

पानांना एवढे लाड लागत नाहीत. नेचा, आपटा, कांचन, शिरीष, सगळी सरळ सुकतात. दसऱ्याला सोनं म्हणून जे हातात पडतं ते अनेकदा कांचनाचं असतं. आपट्याचं पान लहान. दोन्ही शेजारी शेजारी चिकटवून ठेवा, पुढच्या दसऱ्याला वाद मिटेल.

आता दाबणं. लोक मला विचारतात, पुस्तकं आवळायच्या तुमच्या शिकंज्यात ठेवू का? नको. शिकंजा इतका आवळतो की पाकळीचा रस निघून ती कागदालाच चिकटते. फुलातलं पाणी काढून घेतो तो कागद. वजनाचं काम फक्त फूल सपाट धरून ठेवायचं. खाली प्लायवूडचा तुकडा, त्यावर पुठ्ठा, मग वर्तमानपत्राचे पाच-सहा ताव, त्यावर टीपकागद आणि त्यावर फूल. पुन्हा टीपकागद, वर्तमानपत्र, पुठ्ठा. असे थर रचून वर दुसरा प्लायवूड आणि त्यावर घरातला पाटा. मिक्सर आल्यापासून त्याला नाहीतरी काम नाही. एका थरात सारख्याच जाडीची फुलं ठेवा. जाडाशेजारी पातळ ठेवलं तर पातळावर दाब येत नाही आणि त्याच्या कडा वळतात.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच लोक टाळतात. चोवीस तासांनी वर्तमानपत्र बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक दिवसाआड. काढलेले कागद उन्हात टाकून परत वापरता येतात. टीपकागदाला फूल चिकटलं असेल तर ओढू नका, त्याच्यासकट उचला. पहिल्या बदलाच्या वेळी पाकळ्या मऊ असतात. दुमडलेलं काही असेल तर तेव्हाच ब्रशने सरळ करून घ्या.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याची हवा इतकी कोरडी की पातळ फूल चार-पाच दिवसांत तयार होतं. जुलै-ऑगस्टात दोन-तीन आठवडे धरा आणि कागद वापरण्याआधी इस्त्री फिरवून घ्या, नाहीतर बुरशी येते. फूल झालं की नाही ते ओठाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून ओल आहे.

चिकटवण्याबद्दल मी हट्टी आहे. सेलोटेप नाही. तो पिवळा पडतो, त्याचा गोंद पाझरतो. लॅमिनेशनही नाही, कारण आत राहिलेली ओल तिथेच कोंडते आणि एकदा केलं की सोडवता येत नाही. एक चमचा मैदा पाच-सहा चमचे पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवून खळ करा. आम्ही तिच्यात कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागू नये म्हणून मोरचूद घालतो, पण ते विषारी आहे. घरी मुलं असतील तर नको, खळ लागेल तेवढी ताजीच करा. अख्ख्या फुलाला खळ फासू नका. पातळ कागदाच्या बारीक पट्ट्या कापून देठावर आडव्या चिकटवा.

खालचा कागद चांगला घ्या. वर्तमानपत्र सुकवायला ठीक, ठेवायला नाही. ते स्वतः पिवळं पडतं आणि शेजाऱ्यालाही पाडतं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांपासून केलेला कागद मला आवडतो. कोपऱ्यात शिसपेन्सिलीने झाडाचं नाव, जागा, तारीख आणि ताजेपणीचा रंग लिहा. नाव माहीत नसलं तर ती जागा मोकळी सोडा, बाकीचं मात्र त्याच दिवशी लिहा. कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं १९५५ साली सुरू झालेलं केंद्र आहे. तिथल्या नमुन्यांवरही अशाच चिठ्ठ्या असतात.

या पानांची वही बांधून मागायला लोक माझ्याकडे येतात. बाइंडर असूनही सांगतो, बांधू नका. युरोपातले जुने संग्रह बांधीव असत. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने अठराव्या शतकात पानं सुटी ठेवली, म्हणून त्याला ती हवी तशी लावता आली. सुटी पानं पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात तिथे ओल येते. कसरीची शंका आली तर पान प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी सुटतं.

आणि आजीच्या पोथीत आधीपासून एखादं फूल असेलच, तर ते खरवडून काढू नका. सुटं असेल तर अलगद उचलून पाकिटात घाला आणि पाकिटावर पोथीचा पानक्रमांक लिहा. चिकटलेलं असेल तर फूल आणि समोरचं पान यांच्यामध्ये बटर पेपर सरकवा आणि पोथी माझ्यासारख्या कोणाकडे घेऊन जा.