भिरंडांची सोलां, आगळ आणि भिरंडेल

कोकमाच्या फळाला कोकणात रातांबा म्हणतात, गोव्यात तेच भिरंड. एप्रिल-मेमध्ये कुळागरांत (सुपारीच्या बागांत) आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानांत ते पिकते. सगळे काम पाऊस सुरू होण्याआधी उरकायला हवे. सोलां (वाळवलेल्या साली) भिजली की गेलीच.

काठीने झोडपून भिरंडे पाडू नयेत. फुटलेल्या फळात मुंग्या शिरतात आणि रस आंबतो. पूर्ण लालजांभळी, बोटाने दाबल्यावर थोडी दबणारी फळे हाताने काढावीत. हिरवट फळांच्या सोलांना रंग चढत नाही. भिरंडात नर-मादी झाडे वेगळी असतात, म्हणून फळ न धरणारे झाड निरुपयोगी समजून तोडू नये.

फळे धुऊन, पुसून, आडवी कापावीत. पांढरा गर बियांसकट एका भांड्यात काढून ठेवावा. भांडे काचेचे, चिनीमातीचे किंवा स्टीलचे असावे. ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळ नको. भिरंडाचे आम्ल धातू खाते आणि रस बिघडतो.

एक किलो सालींना साधारण 100 ग्रॅम जाडे मीठ चोळून रात्रभर ठेवावे. सकाळी साली उन्हात पसरायच्या. खाली सुटलेला रस, त्यात बियांचा गर हाताने कुस्करून निघालेला रस मिसळून, जपून ठेवायचा. संध्याकाळी साली पुन्हा त्याच रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. रस संपेपर्यंत, चार-पाच दिवस, हेच करत राहायचे. सोल काळे, चामट आणि आंबट होते ते या पुटांमुळे. कंटाळा करून एकदाच वाळवलेले सोल फिके राहते आणि कढीत रंग सोडत नाही.

सोल दुमडले तर मोडू नये आणि बोटाला रस लागू नये, तेव्हा ते तयार झाले. ओले राहिले तर बरणीत बुरशी धरते. पूर्ण थंड झाल्यावरच बरणीत भरावे आणि पावसाळ्यात हात कोरडा करूनच काढावे.

आगळासाठी (भिरंडाच्या खारट रसासाठी) साली आणि गर एकत्र घेऊन किलोला 150 ते 200 ग्रॅम मीठ घालावे. आठवडाभर रोज कोरड्या लाकडी चमच्याने हलवावे, मग गाळून बाटलीत भरावे. मीठ कमी पडले की आगळ फेसाळते. रक्तदाब असणाऱ्यांनी हे मीठ लक्षात घेऊनच आगळ वापरावे.

सोलकढीला चौघांसाठी 10-12 सोलां दोन वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावीत. मग कुस्करून, गाळून नारळाच्या रसात मिसळावीत आणि मीठ चव बघूनच घालावे. कढी तापवली की फुटते. हुमणात (माशांच्या आमटीत) सोलां शेवटी घालावीत.

अंगावर पित्त उठले की सोलांचे पाणी प्यायला देतात आणि अंगालाही लावतात. मात्र ओठ सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत न बसता तडक डॉक्टरकडे जावे.

बिया टाकू नयेत. धुऊन कडक वाळवाव्यात, फोडून आतला गर बारीक कुटावा आणि भरपूर पाण्यात उकळावा. वर तेल तरंगते. रात्रभर निवू द्यावे. सकाळी थिजलेला पांढरट थर काढून मुठीत दाबून गोळे करावेत. हेच भिरंडेल. भेगाळलेल्या टाचांना किंवा ओठांना लावण्यापुरते किंचित गरम करावे, तेवढ्यात ते वितळते.